शेंडग्यांचा ऊस संपला की उजवा दोन

रॅलीच्या गाडीबद्दल बोलायला लागलो की माझा आवाज चढतो. आमची मंडळी स्वयंपाकघरातून म्हणते, "हळू बोला की, सगळ्या आळीला गाडीत बसवताय का!" कागदावर तरी आवाज चढणार नाही असं वाटून लिहायला बसलो, तर पेन इतकं दाबलं की पहिलंच पान फाटलं. तेव्हा वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

मी शिरूरचा विलास मिस्त्री. रांजणगावच्या एका कंपनीत बावीस वर्षं वेल्डिंग केलं, मग निमोण्याच्या रस्त्याला स्वतःचं शेड टाकलं. बोर्डावर लिहिलंय 'सर्व प्रकारची फॅब्रिकेशनची कामे', म्हणजे खिडक्यांच्या जाळ्या, उसाच्या ट्रॉल्या, शाळांची फाटकं. बोर्डावर न लिहिलेलं काम म्हणजे छोट्या गाड्या रॅलीसाठी तयार करणं. अशा बारा गाड्या मी बांधल्या. तेरावी माझी स्वतःची.

आमच्या भागात रॅली म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "कुठल्या पक्षाची?" म्हणून आधी समजावून सांगतो. शर्यतीत सगळ्या गाड्या एकदम सुटतात. रॅलीत तसं नसतं. कच्च्या रस्त्याचा दहा-पंधरा किलोमीटरचा तुकडा परवानगी काढून बंद करतात आणि एकेक गाडी दोन-दोन मिनिटांनी सोडतात. भांडण घड्याळाशी. त्या तुकड्याला स्टेज म्हणायचं. एक स्टेज संपली की दुसरीकडं जाताना मात्र साध्या रस्त्यानं, चार लोकांसारखं, उसाच्या ट्रॉलीमागं मुकाट्यानं जायचं. गाडीत माणसं दोन. एक चालवणारा, एक वाचणारा. रॅलीच्या दोन दिवस आधी दोघांनी तोच रस्ता हळूहळू फिरून वही लिहायची, कुठं कसलं वळण आहे ते. वळणांना नंबर असतात. सहा म्हणजे जवळजवळ सरळ, एक म्हणजे गाडी पार फिरवायचीच. रॅलीच्या दिवशी वाचणारा वही वाचतो आणि चालवणारा ते ऐकून, रस्ता दिसायच्या आधी गाडी वळवतो. वाचणाऱ्याला लोक फुकटचा पाहुणा समजतात. मीही समजत होतो. त्याचीच ही हकिकत आहे.

पण आधी माझी पहिली फजिती सांगतो, म्हणजे मी किती हुशार आहे ते कळेल. गाडी उलटली तरी छत डोक्यावर येऊ नये म्हणून रॅलीच्या गाडीत आतून पाइपांचा पिंजरा करतात. मी म्हटलं, पिंजरा? अहो, जन्म गेला जाळ्या करण्यात! गाडीच्या आतली मापं घेतली, शेडमधे फरशीवर पिंजरा उभा केला. वेल्डिंग तर असं की नुसता हात फिरवत राहावं. चौघांनी उचलून गाडीपाशी नेला आणि तिथं डोक्यात उजेड पडला. मापं आतली अगदी बरोबर होती, पण आत जायला दरवाजा तेवढा पाहिजे ना! आडवा घातला, तिरका घातला, काही केल्या जाईना. गाडीचा मालक पुण्याचा एक कॉम्प्युटरवाला होता. तो शांतपणे म्हणाला, "मिस्त्री, आता गाडीच पिंजऱ्यात घाला." नवा पिंजरा गाडीच्या आत बसून, पाइप जोडत जोडत केला. जुना शेडमागं उभा आहे. आमच्या मंडळींनी त्यावर घेवड्याचा वेल चढवलाय.

त्याच कॉम्प्युटरवाल्यानं, गाडीत अजून इंजिनही नव्हतं तेव्हा, दारावर नाव आणि रक्तगट लिहायला पेंटर आणला होता. गिऱ्हाइकं अशी एकेक. एक जण गाडी चारदा परत घेऊन आला, ती वळत नाही म्हणून. शेवटी मी शेजारी बसून बघितलं. हा गडी वळण आलं की डोळे मिटत होता. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते हेच.

माझं लाडकं गिऱ्हाईक म्हणजे दौंडच्या दातांच्या डॉक्टरीणबाई. दिवसभर लोकांच्या दाढा उपटायच्या आणि रविवारी माळावर गाडी उडवायची. त्यांची गाडी बांधत होतो तेव्हा त्यांच्या आई शेडवर आल्या. चष्मा लावून पिंजरा बघितला, बोटानं टकटक वाजवला आणि म्हणाल्या, "आवं, ह्यो तर पोकळ हाय की!"

"आई, पाइप हाय त्यो. बांबूबी पोकळच असतुया."

"माझी पोर बांबूच्या भरवशावर सोडू व्हय?"

त्या दिवशी मी सगळे जोड पुन्हा तपासले. पुढच्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी गाडीच्या चार पलट्या मारल्या. दोन स्टेजच्या मधे गाड्या दुरुस्त करतात त्या सर्व्हिसच्या पटांगणात मी उभा. तेवढ्यात फोन आला. "मिस्त्री, एक दातसुद्धा हलला नाही!" मी तिथंच मातीत फतकल मारून रडलो. खोटं कशाला सांगू.

त्याच बाई मला म्हणाल्या, "बारा गाड्या बांधल्यात. तुम्ही कधी बसणार?"

हे माझं दुखणंच होतं. रॅली संपते तिथं दोन्हीकडं उतार असलेला एक लोखंडी ओटा असतो, त्याला रॅम्प म्हणतात. जेवढ्या गाड्या शेवटपर्यंत येतात तेवढ्या एकेक करून वर चढतात, चालवणाऱ्याचं आणि वाचणाऱ्याचं नाव पुकारतात, लोक टाळ्या वाजवतात. गाडी बांधणारा खाली उभा असतो, हाताचं ग्रीस पुसत. आमच्याकडचा रॅम्प तर मीच वेल्ड केलेला. बारा वेळा मी त्याच्या खाली उभा राहिलो. मला त्याच्यावर एकदा, फक्त एकदा, माझी गाडी स्वतः चालवत चढायचं होतं. नंबर नको, कप नको.

आणि वेळ संपत आली होती. मला साखरेचा आजार आहे, तो डोळ्याच्या पडद्यावर उतरायला लागलाय. रॅलीच्या परवान्याला डॉक्टरची सही लागते. डोळ्याचे डॉक्टर म्हणाले, "या वर्षी अजून बसतंय नियमात, सही करतो. पुढच्या वर्षी माझ्याकडं मागू नका, मिस्त्री." घरी आलो, आणि जुनी छोटी पेट्रोल गाडी बघायला त्याच दुपारी बाहेर पडलो.

एका मास्तरांनी बारा वर्षं जपून वापरलेली गाडी मिळाली. मास्तर निरोप देताना तिला हात लावून म्हणाले, "हिला कधी चाळीसच्या वर नेली नाही हो." मी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी तिची मागची सीट, गालिचे, एसी, दाराच्या गाद्या सगळं उपसून बाहेर. तळाला आवाज येऊ नये म्हणून डांबराचा थर असतो, तो छिन्नीनं खरवडायचा. पहाटेच्या थंडीत तो कडक असतो, लवकर सुटतो. ऊन चढलं की चिकटतो, मग तोंडातून शिव्या सुटतात. एकेक किलो कमी करायचा. मोठ्या गाडीत इंजिनाची ताकद असते, छोटीत नसते. छोटीची ताकद तिच्या हलकेपणात. गाडी तयार झाली तेव्हा शेडमधल्या चार माणसांनी तिची मागची बाजू हातानं उचलून कडेला सरकवली. मी बायकोला बोलावून ते दाखवलं. ती म्हणाली, "एवढी हलकी? वाऱ्यानं जाईल की!" म्हटलं, तेच तर पाहिजे.

आता माझा वाचणारा. सोनवणे साहेब जमिनीच्या मोजणी खात्यात तीस वर्षं होते. ओळख झाली ती भांडणातून. माझ्या शेताच्या बांधावरून चुलत भावाशी वाद होता, मीच मोजणी मागवली. सोनवणे साहेबांनी दोन तास मोजलं आणि सांगितलं, "मिस्त्री, दीड फूट तुम्हीच त्यांच्यात गेलाय." मी त्यांना नको नको ते बोललो. आठ दिवसांनी ते माझ्याच दारात स्कूटर घेऊन आले, जसं काही झालंच नाही. तेव्हापासूनचं हे मैत्र. मी राम राम घालतो, ते जय भीम म्हणतात. पंचवीस वर्षांत दोघांनीही आपलं बदललं नाही. त्यांचा एक गुण मी हेरून ठेवला होता. जीपच्या मागच्या सीटवर बसून ते शिरूरपासून दौंडपर्यंत सगळा पेपर वाचतात, जाहिरातींसकट, आणि त्यांना मळमळत नाही. वाचणाऱ्याला दुसरं काय पाहिजे?

वही लिहायला आम्ही शुक्रवारी निघालो. पहिल्या दोन स्टेज बिनभांडणाच्या झाल्या. तिसरी आणि शेवटची स्टेज भीमेच्या पलीकडं, दौंड तालुक्यात, सगळी उसातून. सोनवणे साहेब अंतर मोजायच्या मीटरवर बोट ठेवून म्हणाले, "तीनशे वीस मीटरवर उजवा दोन."

मी हसलो. "सायेब, मीटर बाहेरनं आलेल्यांना. आपला मुलूख हाय ह्यो. लिवा, शेंडग्यांचा ऊस संपला की उजवा दोन."

"ऊस हे उभं पीक आहे मिस्त्री. खांब नव्हे."

"तोडीला अजून पंधरा दिवस हायेत. मी सोता शेंडगे आप्पांना इचारलंय."

"तरी मी मीटर लिहितो."

आणि मग मी ते बोललो. आज लिहिताना हात अडतोय, पण लिहिलंच पाहिजे. मी म्हणालो, "तुमी जल्मभर दुसऱ्याची जमीन मोजली. तुमची सोताची गुंठाभर तरी हाय का? जमीन कळायला ती आपली असावी लागती."

साहेबांनी मीटर बंद केला, मी सांगितलं तसं वहीत उतरवलं. जगतापांचा ऊस सुरू झाला की डावा चार. उसाच्या मधली वाट सोडून सरळ. तिसऱ्या उसाच्या टोकाला उजवा तीन. पानंच्या पानं ऊस. येताना ते खिडकीबाहेर बघत होते, आणि मी मूर्ख, गाडीचा आवाज कसा छान येतोय ते सांगत होतो.

रविवार उजाडला. निमोण्याच्या माळावर पहिली स्टेज. झेंडा दाखवणाऱ्यानं पाच बोटं वर केली, चार, तीन, दोन, एक, आणि मी क्लच सोडला. काय सांगू! मुरूम खालून तळाला असा वाजायला लागला की पत्र्याच्या छपरावर गारा पडाव्यात. हेल्मेटमधल्या माइकमधून साहेबांचा आवाज, एकसुरी, सातबारा वाचल्यासारखा, "डावा चार, सरळ ऐंशी, उंचवटा, उजवा तीन." हँडब्रेक ओढला की मागची बाजू गर्रकन फिरायची, पुढची चाकं मातीत नखं रोवून ओढायची. उंचवट्यावर चारही चाकं हवेत! एकसष्टाव्या वर्षी मी हेल्मेटमधे ओरडत होतो, "ए हाय हाय हाय!" साहेब तेवढंच म्हणाले, "ओरडू नका, पुढचं ऐकू येणार नाही."

दुसरी स्टेज इनामगावच्या बाजूला, घोड नदीच्या काठानं. तिथं एका दगडावर चाक आपटलं आणि इंजिनाची ताकद चाकाला पोचवणारा दांडा खिळखिळा झाला. सर्व्हिसच्या पटांगणात डॉक्टरीणबाई बाह्या सारून तयार होत्या. त्यांनी तो दांडा दाढ उपटावी तसा उपटला. नवा बसवताना घाईत मी एक नट उलटा लावला, परत खोलला, आणि बारा मिनिटं उशीर झाला. इथं रॅलीचा एक नियम लक्षात ठेवा. दिवसभरात मिळून अर्ध्या तासाच्या वर उशीर झाला की गाडी बाद. रॅम्पच्या आसपास फिरकायचं नाही.

"अठरा मिनिटं शिल्लक," साहेब म्हणाले. "चला."

तिसऱ्या स्टेजला सुटलो. गाडी अशी रंगात आली होती की माझे हात तिच्या मागं मागं जात होते. पहिले चार किलोमीटर झकास. चौथ्या गिअरला असताना साहेबांनी वाचलं, "शेंडग्यांचा ऊस संपला की उजवा दोन."

मी उसाचं टोक शोधतोय. उजवीकडं बघतो, आभाळ. डावीकडं बघतो, आभाळ. सगळा मुलूख भादरलेल्या डोक्यासारखा उघडा!

"सायेब, ऊस कुठाय?"

"मला काय विचारता! तुमचा मुलूख हाय!"

रस्ता उजवीकडं वळला. आम्ही वळलो नाही. गाडी बांधावरून उडाली आणि तोडलेल्या उसाच्या रानात, वाळक्या पाल्याच्या गुडघाभर पाचटात, दोन सऱ्यांच्या मधे जाऊन बसली. इंजिन बंद. एकदम शांत. मग माझ्या नाकाला वास आला.

धुराचा. रॅलीच्या गाडीचा सायलेन्सर लालबुंद होतो आणि आम्ही तो वाळक्या पाचटावर ठेवून बसलो होतो. साहेब माझ्याआधी बाहेर पडले, आग विझवायचा सिलिंडर घेऊन गाडीखाली पालथे झाले. मी चाकापुढचं पाचट दोन्ही हातांनी उपसायला लागलो. एक ठिणगी धरली असती तर गाडी गेली असती, आणि आजूबाजूची रानंही.

बांधावर ऊसतोडीची टोळी बसली होती. रस्ता बंद म्हणून त्यांना सुट्टी, म्हणून मजा बघायला आलेली. त्यांची मुकादमीण, सीताबाई, पदर खोचून पळत आली. पाण्याची घागर तिनं सायलेन्सरखाली रिकामी केली, चर्रर्र वाफ आली, आणि तिनं मागं वळून हाक दिली, "अय बापय हो, बगत काय बसलाव! दिसभर मोळ्या उचलताव न्हवं? ही एक मोळी उचला!"

स्टेजवर आपल्या टीमचा माणूस गाडीला हात लावील तर बाद, पण बघ्यांनी लावला तर चालतं. बारा-चौदा जण आले, बाया पुढं. एक, दोन, तीन म्हटलं आणि माझी गाडी, जिचा एकेक किलो मी छिन्नीनं खरवडला होता, सरीवरून अलगद वर उठली. पुढून उचल, मागून उचल, असं करत रस्त्यावर आणून ठेवली. मी हात जोडले. सीताबाई म्हणाली, "आमीच तोडला म्हून तुमी पडलाव. मंग उचलाया बी आमीच."

"आवं, पर पंधरा दिस होतं ना तोडीला?"

"मालक म्हनला, ऐतवारी रस्ता बंद हाय, गाड्या अडकत्याल, आदीच काढा. दोन टोळ्या लावल्या. सगळ्या मळ्यांनी त्येच केलं."

रविवारी रस्ता बंद राहणार हे शेंडगे आप्पांना कुणी सांगितलं होतं? मी! तोडीचं विचारायला गेलो तेव्हा मीच, मोठ्या ऐटीत, चहा पिता पिता! माझ्या स्वतःच्या रानात ऊस आहे. तोडीच्या तारखेवर विश्वास ठेवू नये हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, तोही वाजतगाजत.

गाडीत बसलो. साहेबांनी घड्याळ बघितलं. "तेरा मिनिटं गेली. पाच राहिली."

पुढं नऊ किलोमीटर होते आणि वहीत नुसता ऊस. बिचकत बिचकत गेलो असतो तर ती पाच मिनिटं वाटेतच संपली असती. जोरात जायचं तर कशाच्या भरवशावर? मी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. म्हटलं, "सायेब, संपलं. माझं त्वांड आन् माझा ऊस."

साहेबांनी वही मिटली आणि मांडीखाली घातली. पट्टा आवळला. "हा रस्ता रुंद करायचा होता तेव्हा मोजणी मी केलीय. चार महिने पायी. आता मी सांगीन तसं चालवायचं. आणि मधे बोलायचं न्हाई."

आणि सुरू झाले. "सरळ दोनशे. पुढं जुनी विहीर, रस्ता विहिरीला वळसा घालतो, डावा तीन!" विहीर आली. वळलो. "सरळ दीडशे. इथं दोघं भाऊ कोर्टात गेले होते, एकानं बांध सोडला न्हाई, उजवा दोन, उजवा दोन!" वळण आलं, दोनच होतं! "चुलतीनं आंबा तोडू दिला न्हवता, आंब्याच्या डावीकडनं!" खरंच आंबा, रस्त्यात पोट काढून उभा! "मोरी अरुंद, मधोमध ठेवा. पुढं वाटण्या झाल्यात तिघांच्या, डावा चार, उजवा चार, डावा दोन!"

अहो, मी आयुष्यात असं कधी चालवलं नाही. मला रस्ता दिसतच नव्हता, मला ऐकू येत होता. आपल्याकडचे रस्ते वाकडे का असतात हे मला त्या नऊ किलोमीटरमधे कळलं. प्रत्येक वळणावर कुणाचं तरी भांडण गाडलेलं आहे आणि या माणसाला ते सगळं पाठ आहे. एका जागी मी ब्रेकवर पाय नेला तर हे ओरडले, पहिल्यांदाच ओरडले, "इथं कुणीच भांडलं न्हाई! सरळ चारशे! सोडा तिला, मिस्त्री!" मी सोडली. धूळ, वारा, उघडी रानं, आणि आम्ही दोघं म्हातारे गळा काढून ओरडतोय!

स्टेज संपली. साहेबांनी पंचाकडून वेळेच्या कार्डावर वेळ लिहून घेतली. "तीन मिनिटं शिल्लक."

शिरूरला परतताना साध्या रस्त्यानं यायचं होतं, हेल्मेट काढून. भीमेचा पूल ओलांडला आणि मी म्हणालो, "सायेब, परवा मी जे बोललो..."

"पुढं स्पीडब्रेकर आहे."

"न्हाई, ऐका. मी लई वाईट बोललो. मला माफ करा."

ते कार्डाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "त्या रात्री मी घरी जेवलो न्हाई, मिस्त्री. बायकोला सांगितलं, पोट बिघडलंय." कार्ड खिशात ठेवत म्हणाले, "जमीन तुमचीच आहे. रस्ता तेवढा माझा." मी मान हलवली.

निकाल सांगून टाकतो. शेवटपर्यंत पोचलेल्यांत आम्ही शेवटून दुसरे. आमच्या मागचाही कुठल्या तरी उसातच गेला असेल, अशी मी माझी समजूत घालून घेतलीय. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी शब्द पाळला, या वर्षी सही नाही. डॉक्टरीणबाईंची नवी गाडी सध्या शेडमधे उभी आहे, तिचं डांबर मी पहाटे खरवडतो. त्यांचा वाचणारा कोण? सोनवणे साहेब. बाईंनी त्यांना माझ्यासमोरच विचारलं, वही मीटरमधे लिहिणार ना? साहेबांनी फक्त माझ्याकडं बघितलं.

पण रॅम्पचं राहिलंच. बाजार समितीच्या पटांगणात माझ्याच हातचा रॅम्प, दोन्ही बाजूंना माणसं. पुढच्या गाडीचं नाव पुकारलं, ती उतरली. आता आमची पाळी. बॉनेटच्या फटीतून पाचट लोंबत होतं. आणि एकाएकी मला समोरचं दिसेना. रॅम्प विरघळल्यासारखा झाला, माणसं पाण्यात पडल्यासारखी. पडदा गेला! नेमका आत्ता, शंभर मीटरवर!

"सायेब," मी त्यांचा हात धरला, "मला दिसंना झालंय!"

त्यांनी वाकून माझ्या तोंडाकडं नीट बघितलं, मोजणीचा दगड बघावा तसं.

"पडद्याला काय झालेलं न्हाई. रडताय तुम्ही, मिस्त्री." मग त्यांनी वही मांडीखालून काढली, उघडली, आणि कोऱ्या पानावरून वाचलं, "डोळं पुसा. सरळ शंभर. मग चढ. ऊस न्हाई."

मी बाहीनं डोळे पुसले आणि पहिला गिअर टाकला.